‘करमत नाही’ कोणत्या रकान्यात लिहायचे?

तळेगाव दाभाड्याहून चाकणच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात इंद्रायणीच्या काठी इंदुरी लागते. दाभाड्यांचा जुना किल्ला, किल्ल्यात कडजाई देवीचे देऊळ, समोर तुकोबांचा भंडारा डोंगर, आणि या सगळ्यांच्या मधून रात्रंदिवस धावणारे कारखान्यांचे ट्रक. माझी भाची समाजकार्याचे शिक्षण घेते. अभ्यासाचा भाग म्हणून तिला या गावातल्या वीस घरी जाऊन एक प्रश्नावली भरून आणायची होती. अनोळखी घरांत एकटीने शिरणे तिच्या जिवावर आले होते, म्हणून मावशी या नात्याने मी सोबत गेले. माझे काम पिशवी सांभाळण्याचे आणि चहाला नाही न म्हणण्याचे.

प्रश्नावली नऊ प्रश्नांची होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती अमेरिकेत तयार झाली आणि आता जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत निराश वाटले का, झोप लागली का, थकवा आला का, कशात रस वाटेनासा झाला का, असे ते प्रश्न. प्रत्येकाला चार उत्तरे : अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. त्यांना शून्य ते तीन गुण. एकूण बेरीज सत्तावीस. ती दहा किंवा त्याहून जास्त झाली, की या माणसाला नैराश्याचा आजार असू शकतो, असे धरून पुढची तपासणी करायची. कागद साधा, सोपा, आणि मराठीतही छापलेला.

दुसऱ्याच घरी ओटीवर एक आजी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ. भाचीने विचारले, ‘‘आजी, गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा निराश, खिन्न किंवा आशाहीन वाटलं?’’

‘‘आशा?’’ आजी हसल्या. ‘‘आता या वयात कसली आशा धरायची बाळा? माळकरी माणूस मी. आशा सोडायची आता.’’

‘‘म्हणजे किती दिवस? काही दिवस, की जवळजवळ रोज?’’

‘‘रोजच म्हण की.’’

झोपेचे विचारले. ‘‘म्हाताऱ्या माणसाला कसली झोप? चारला डोळं उघडत्यात. हरिपाठ म्हणत पडते.’’ पुढे शेवटचा, नववा प्रश्न. आपण मेलेले बरे, असे विचार येतात का? आजींनी सूप खाली ठेवले. ‘‘येत्यात की! रोज सांजच्याला हात जोडते अन् पांडुरंगाला म्हणते, हातीपायी धड हाय तोवर ने बाबा.’’ एवढे बोलून त्यांनी आत हाक मारली, ‘‘अगं, पोरींना च्या टाक.’’ (पन्नाशी उलटल्यावर मला कोणी पोरींमध्ये मोजले, याचा मला झालेला आनंद कोणत्याही रकान्यात बसणारा नव्हता.)

भाची मात्र घाबरली होती. नवव्या प्रश्नाला ‘रोज’ हे उत्तर आले, तर तत्काळ वरिष्ठांना कळवायचे, असे तिला शिकवलेले. तिने तिथूनच फोन लावला.

मग सून बाहेर आली. पस्तिशीची असेल. तिने आधी विचारले, ‘‘कसल्या योजनेचा फॉर्म हाय का? लाडक्या बहिणीचा?’’ नाही म्हटल्यावर तिचा कागदातला रस संपला. सासूबाई दोन हातांवर तांदूळ निवडत होत्या. सुनेची नऊच्या नऊ उत्तरे अशी : ‘‘न्हाई. तसं काय न्हाई. समदं बरं हाय.’’ थकव्याच्या प्रश्नाला तेवढे ‘‘कवातरी’’ म्हणाली आणि झोपेच्या प्रश्नालाही.

कपबशा ठेवायला मी स्वयंपाकघरात गेले. तिथे ती हळूच म्हणाली, ‘‘ताई, तुम्ही दवाखान्यातल्या का? माझ्या हातापायांची नुसती आग व्हते. डोकं जड. जिवाला ग्वाड लागत न्हाई. दोनदा सलाईन लावलं, ताकदीची सुई घेतली. काय करमंनाच झालंय बघा.’’

परतताना भाचीने बेरीज केली. सासूबाई : चौदा. सूनबाई : दोन. कागदाच्या हिशेबाने त्या घरात आजारी होत्या त्या हसून चहा पाजणाऱ्या आजी, आणि ठणठणीत होती ती डोळ्यांत पाणी आणून बोलणारी सून.

हा प्रसंग मी मैत्रिणींना सांगितला, तेव्हा सगळ्यांनी हसून ‘हे सर्व्हे असेच’ म्हणून सोडून दिले. मला ते सोडवेना. कारण अशाच कागदांच्या बेरजांवरून ठरते, की कोणत्या जिल्ह्यात किती डॉक्टर द्यायचे, औषधे कुठे पाठवायची, पैसा कशावर खर्च करायचा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशाचे मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. बारा राज्यांतल्या लोकांना भेटून त्यांनी काढलेला आकडा असा, की प्रौढांपैकी सुमारे साडेदहा टक्के लोकांना त्या घडीला कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि त्यांतल्या बहुसंख्यांना कसलाच उपचार मिळत नव्हता. काम मोठे आणि मोलाचे. पण त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्याविषयी बोलताना आपण शेजाऱ्यांच्या आकड्यांवरून अंदाज बांधत आलो. उद्या इंदुरीसारख्या गावाचा आकडा निघेल तेव्हा तो सासूचा निघेल की सुनेचा, हा प्रश्न म्हणून मला थट्टेचा वाटत नाही.

मन मोजायचे कसे, हा प्रश्न नवा नाही. गंमत अशी, की पहिली ठेच लागली ती रुग्णांच्या बाबतीत नव्हे, डॉक्टरांच्या बाबतीत. १९६० च्या दशकात दिसून आले, की न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण लंडनपेक्षा कितीतरी जास्त आहेत. अमेरिकेच्या हवेत असे काय आहे, यावर तर्क सुरू झाले. मग दोन्ही शहरांतल्या रुग्णांना एकाच पद्धतीने, ठरावीक प्रश्न विचारून तपासले, तेव्हा तो फरक बहुतांशी विरघळून गेला. रुग्ण सारखेच होते. न्यूयॉर्कचे डॉक्टर ते नाव सढळ हाताने देत होते, एवढेच. १९७२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

सर्वांनी एकच गज वापरायचा, हा त्यातून निघालेला धडा रास्तच होता. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांतली नऊ शहरे घेऊन एक प्रचंड अभ्यास चालवला. लंडन, मॉस्को, वॉशिंग्टन यांच्या पंक्तीला नायजेरियाचे इबादान आणि आपले आग्रा. बाराशेदोन रुग्ण. सगळीकडे तीच मुलाखत, स्थानिक भाषेत उतरवलेली. निष्कर्षाने सगळे चकित झाले : स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची पुढच्या काही वर्षांतली वाटचाल आग्रा आणि इबादान येथे श्रीमंत देशांपेक्षा बरी दिसली. आपल्याकडे तेव्हापासून ‘आपली कुटुंबव्यवस्था’ म्हणून या निष्कर्षाचा अभिमानाने उल्लेख होतो. पुढे २००८ मध्ये विक्रम पटेल आणि इतर संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतले असे अनेक अभ्यास एकत्र ठेवून दाखवले, की चित्र इतके गोड नाही. कुठे रुग्णांचा मृत्यू, कुठे वर्षानुवर्षे उपचारच नाहीत, कुठे संसार मोडलेले. मला स्वतःला हा दुसरा निष्कर्ष जास्त खरा वाटतो. आपल्या एकत्र कुटुंबांत कोणाला किती सांभाळले जाते आणि कोणाला माडीवरच्या खोलीत ठेवले जाते, हे आपल्यातल्या प्रत्येकाने कुठे ना कुठे पाहिलेले आहे.

पण मूळ मुद्दा गजाचा. हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७७ साली या एकाच गजावर नेमके बोट ठेवले. एका समाजात तयार झालेला आजाराचा साचा दुसऱ्या समाजावर ठेवून पाहिला, तर साच्यात बसणारी माणसे तिथेही सापडतील. म्हणून तो साचा त्या समाजात काही अर्थाचा आहे, असे सिद्ध होत नाही. साच्याबाहेर जे उरते, ते तर तुम्हाला दिसणारच नाही. आमची सूनबाई साच्याबाहेर उरली होती.

यावर संशोधकांचे ठरलेले उत्तर म्हणजे भाषांतराची पडताळणी. इंग्रजी प्रश्न एकाने मराठीत आणायचा, तो मराठी प्रश्न दुसऱ्याने मूळ न पाहता परत इंग्रजीत न्यायचा, आणि दोन्ही इंग्रजी मजकूर जुळले की भाषांतर पास. पद्धत चांगली आहे. पण ती पुण्यातल्या कार्यालयात पास होते आणि इंदुरीच्या ओटीवर नापास होते, याचे कारण सोपे आहे. ‘डिप्रेशन’चे ‘नैराश्य’ करणारा आणि ‘नैराश्य’चे पुन्हा ‘डिप्रेशन’ करणारा, दोघेही एकाच शब्दकोशावर वाढलेले असतात. ‘नैराश्य’ हा शब्द बोलताना घरात कोण वापरतो? आपण म्हणतो जीव लागत नाही, चित्त थाऱ्यावर नाही, काही सुचत नाही, पोटात कालवते, जिवाची घालमेल होते, डोके भणाणते. आणि हल्ली शहरापासून वाडीपर्यंत सगळेच म्हणतात, टेन्शन आलंय. या बोलण्यात जीव आहे, पोट आहे, डोके आहे, हातपाय आहेत. ‘मन’ मात्र क्वचित एकटे येते.

शिवाय आशा सोडणे ही आपल्याकडे निव्वळ आजाराची खूण कधीच नव्हती. इंदुरीतून भंडारा डोंगर दिसतो. १६३० च्या त्या भयंकर दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, बायको गेली, मुलगा गेला, आणि ते या परिसरातल्या डोंगरांवर एकांतात जाऊन बसू लागले. त्या वेळी कोणी नऊ प्रश्नांचा कागद घेऊन डोंगर चढले असते, तर बेरीज किती आली असती, ते सांगायला नको. दुःख खरे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या दुःखाचे त्यांनी काय केले, ते मोजायला त्या कागदावर जागा नाही. संतांच्या भाषेत ‘उदास’ म्हणजे आसक्ती सुटलेला. तो गुण आहे. आजच्या छापील मराठीत ‘उदास’ हे लक्षण आहे. माळ घातलेल्या आजींना आपण दुसऱ्या अर्थाने प्रश्न विचारतो आणि त्या पहिल्या अर्थाने उत्तर देतात. श्रीलंकेचे मानववंशशास्त्रज्ञ गणनाथ ओबेसेकरे यांनी १९८५ मध्ये बौद्धांविषयी हेच लिहिले होते : जग दुःखमय आहे असे मानणारा बौद्ध हा रुग्ण नसतो, तो फक्त बौद्ध असतो.

मग काय, मोजायचेच नाही? असे म्हणणाऱ्यांशीही माझे पटत नाही. वाट आहे, आणि ती आपल्या मुंबईतूनच गेलेली आहे.

भाषेच्या अभ्यासात एक जुना भेद आहे. आपल्याला प आणि फ हे दोन वेगळे ध्वनी वाटतात. ‘पळ’ आणि ‘फळ’ यांत घोटाळा होत नाही. इंग्रजाच्या तोंडून ‘पिन’ म्हणताना किंचित हकार निघतो, पण त्याच्या कानाला तो फरकच जाणवत नाही, कारण त्याच्या भाषेत त्यावरून अर्थ बदलत नाही. उलट द्राक्षाचा वेल आणि दारू यांची इंग्रजी नावे आपण दोन्ही ‘वाइन’ अशीच लिहितो, आणि इंग्रज कपाळाला हात लावतो. यंत्राने मोजले तर सगळेच फरक दिसतील. पण कोणता फरक अर्थाचा, हे त्या भाषेच्या आत शिरल्याशिवाय कळत नाही. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी १९५० च्या दशकात बाहेरून पाहण्याला ‘एटिक’ आणि आतून पाहण्याला ‘एमिक’ म्हटले.

मिचेल वाइस या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने हा शब्द उचलला. गृहस्थ मुळात संस्कृतचे अभ्यासक. जुन्या आयुर्वेदग्रंथांतील ‘उन्माद’ या विषयावर त्यांनी डॉक्टरेट केलेली. मुंबईत केईएम रुग्णालयाचे डॉ. दूनगाजी आणि तरुण सहकाऱ्यांसह त्यांनी कुष्ठरोग आणि मानसिक आरोग्य यांचा अभ्यास केला आणि त्यासाठी मुलाखतीची एक नवी पद्धत बसवली. तिचे इंग्रजी लघुनाम ‘एमिक’ असेच होईल, अशी नावाची जुळवाजुळवही केली. १९९२ मध्ये तो अभ्यास ब्रिटनमधल्या मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात आला.

या पद्धतीत सुरुवात लक्षणांच्या यादीने होत नाही. तुम्हाला काय होते, ते तुमच्या शब्दांत सांगा. तुम्ही याला काय म्हणता? कशामुळे झाले असे तुम्हाला वाटते? त्यातले सगळ्यात जास्त काय छळते? कोणाला सांगितले, कोणापासून लपवले? आधी कुठे गेलात : डॉक्टर, वैद्य, देवऋषी? माणूस आपण होऊन जे सांगतो ते वेगळे टिपायचे, आणि खोदून विचारल्यावर ‘हो, तेही आहे’ म्हणतो ते वेगळे. आपण होऊन सांगितलेल्याचे वजन जास्त. म्हणजे गोष्टही हाती येते आणि आकडाही. शेजारी नेहमीची वैद्यकीय मुलाखतही घ्यायची आणि दोन्ही ताडून पाहायची.

आणि तुलनेसाठी रुग्ण निवडले ते मोठ्या हुशारीने. कुष्ठरोगाचे नुकतेच निदान झालेले छप्पन. अंगावर कोड असलेले एकोणीस. कोड हा संसर्गजन्य नाही, पण लग्न मोडायला पुरेसा आहे. आणि तिसरे, शिबं आलेले बारा. शिब्याचाही डागच, पण त्याची लाज कोणाला वाटत नाही. डॉक्टरी निकषांनुसार नैराश्य, चिंता वगैरे आजार शिबंवाल्या बारांपैकी एकाला निघाला. कोडवाल्यांपैकी सदतीस टक्क्यांना. कुष्ठरोग्यांपैकी पन्नास टक्क्यांना. आकडे लहान आहेत, हे खरे. पण क्रम पाहा. डाग तिघांच्याही अंगावर आहे. मन पोखरले जाते ते लोक त्या डागाकडे कसे पाहतात त्याप्रमाणे.

दुसरा निष्कर्ष मला त्याहून आवडतो. आपला आजार वात, पित्त, उष्णता अशा कारणांनी झाला, असे मानणारे रुग्ण दवाखान्यात जास्त नियमितपणे येत होते! आपल्या सुशिक्षित मनाला उलटे वाटले असते. जुन्या समजुती काढून टाका, म्हणजे लोक औषध घेतील, असे आपण शाळेपासून ऐकले. खरे तर, ‘शरीरात काहीतरी बिघडले आहे आणि ते दुरुस्त होते’ असे मानणाऱ्याला दवाखान्याची पायरी चढणे सोपे जात असावे. पाप भोवले असे मानणाऱ्याने औषध कशाला घ्यावे? हा माझा अर्थ आहे. पण रुग्णाची समजूत विचारलीच नसती, तर हा अर्थ लावायची वेळही आली नसती.

हीच वाट पुढे आपल्याच पुण्यात चालली. डॉ. वासुदेव परळीकर आणि सहकाऱ्यांनी थकवा किंवा अशक्तपणाची तक्रार घेऊन आलेल्या ३५२ रुग्णांना भेटून त्यांच्याकडून त्या थकव्याचा अर्थ समजून घेतला. रुग्ण कुठले घेतले? मनोविकार विभागातले, सर्वसाधारण औषध विभागातले, त्वचा विभागातले आणि आयुर्वेदाचेही. २०११ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्याला आपण एकच ‘अशक्तपणा’ म्हणतो तो चार दारांनी दवाखान्यात शिरतो, हे ज्याला सुचले त्याला आपली माणसे ठाऊक आहेत. ताकदीची सुई घेणारी माझी इंदुरीची सून पाचव्या दाराशी उभी होती, एवढेच.

गोव्यात अशीच एक गोष्ट घडली. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन बायका दवाखान्यात येतात आणि डॉक्टर जंतुसंसर्ग धरून औषध देतात. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांना भेटून, तपासण्या करून २००५ मध्ये मांडले, की या तक्रारीचे नाते जंतूंपेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त घट्ट आहे. आपल्या आज्या ‘पांढरं जातं, हाडं झिजली’ म्हणायच्या तेव्हा त्या काय सांगत होत्या, ते असे उशिरा कळते. याच पटेलांनी त्याआधी झिम्बाब्वेत काम केले होते. तिथल्या शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणजे फार विचार करणे. लोक तेच आपल्या दुखण्याचे नाव म्हणून सांगतात. त्यांनी लोकांच्याच अशा शब्दांतून चौदा प्रश्नांची प्रश्नावली रचली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘फार विचार होतात’ म्हणणारे बरेच लोक डॉक्टरी मोजमापातही नैराश्याचे किंवा चिंतेचे रुग्णच निघाले. चीनमध्ये क्लाइनमन यांनाही तसेच दिसले होते : मज्जातंतूंचा अशक्तपणा असे निदान झालेल्या शंभरांपैकी सत्त्याऐंशी जण नैराश्याच्या साच्यात बसले. म्हणजे प्रत्येक समाजाचे दुःख अगदी निराळे, एकाचे दुसऱ्याला कळणेच अशक्य, असे काही नाही. माणूस माणसासारखाच तुटतो. तो ते सांगतो मात्र आपापल्या शब्दांत, आणि ते शब्द माहीत नसले तर तो सापडत नाही. आणि ‘त्यांची संस्कृतीच तशी’ म्हणून कोणाला वाऱ्यावर सोडणे, हा तर फारच सोयीचा अडाणीपणा. ‘देवाने न्यावे आता’ हे एका आजीचे हसतखेळत म्हणणे असते. दुसऱ्या आजीने ते खरेच ठरवलेले असते. दोघींत फरक करायचा तर आणखी चार प्रश्न विचारावे लागतात. असे कधीपासून वाटते? पूर्वीही म्हणत होता का? देवाने नेण्याची वाट बघता, की स्वतः काही करावेसे वाटते? भाचीच्या शिक्षिकांनी फोनवर तिला हेच विचारायला लावले. आजींनी तिच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘अगं येडे, औंदा माघातल्या दशमीला भंडाऱ्यावर जायचंय मला.’’ भाचीचा जीव भांड्यात पडला. पण तिने विचारले हे बरेच झाले. त्या प्रश्नाला घाबरू नये, आणि तो टाळूही नये.

तीच गोष्ट अंगात येण्याची. नवरात्रात देवीपुढे घुमणारी बाई मनोरुग्ण आहे का, असे मला शहरातले लोक विचारतात. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही १९९२ पासून स्पष्ट लिहिलेले आहे, की धार्मिक प्रसंगी, समाजमान्य रीतीने जे होते ते आजारात धरायचे नाही; नको असताना, भलत्या वेळी, जगणे बिघडवून जे होते तेच धरायचे. मग ते ठरवणार कोण? गावात राहिलेले कोणीतरी हाताशी असल्याशिवाय ते ठरत नाही.

या सगळ्याचा उपयोग काय, असे विचाराल तर अमरावतीकडे पाहा. तिथल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पात गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे आधी शंभरात चारच्या आसपास होते, दीड वर्षात ते सत्तावीसवर गेले. २०१७ मध्ये हे आकडे प्रसिद्ध झाले. डॉक्टर एकाएकी वाढले नव्हते. लोकांच्या बोलीत बोलणारे कोणीतरी दारात आले होते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की आधी ऐकावे आणि मग मोजावे. हा क्रम उलटा करू नये. मावळात काम करायचे तर मावळातले शब्द आधी गोळा करावेत, तेही बाईला सासूपुढे न बसवता. ते शब्द प्रश्नावलीत घालावेत, मग शंभर-दोनशे लोकांवर ती ताडून पाहावी. विदर्भात पुन्हा नव्याने, कोकणात पुन्हा नव्याने. वेळ लागतो. अशा कामाला पैसे मिळायला त्याहून जास्त वेळ लागतो. भाचीने त्या दिवशी प्रश्नावलीच्या शेवटी असलेल्या ‘इतर’ या दोन ओळींच्या जागेत ‘हातापायांची आग, जिवाला गोड लागत नाही, करमत नाही’ असे लिहिले होते. पुढे आकडेमोड करताना ‘इतर’ गाळला गेला. त्यात मोजण्यासारखे काही नव्हते.

‘करमत नाही’चे इंग्रजी मी त्या रात्री करून पाहिले. कंटाळा? नव्हे. एकटेपणा? थोडासा. आठवण? तीही थोडी. नव्या नवरीला माहेरची माणसे पहिला प्रश्न विचारतात तो ‘सुखी आहेस का’ असा नसतो. ‘करमतं का गं तिथं?’ असा असतो. करमणे हे माणसाच्या एकट्या डोक्यात होत नाही. ते माणूस आणि जागा, माणूस आणि माणसे यांच्यामध्ये कुठेतरी होते. नऊ प्रश्नांतला एकही प्रश्न तुमच्या आजूबाजूला आता कोण उरले आहे, असे विचारत नाही.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा गेलो, या वेळी कागद न घेता. सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या. सूनबाई उंबऱ्यात बसून बोलली. रस्त्याकडेचे भाताचे खाचर तीन वर्षांपूर्वी विकले. तिथे आता गोदाम आहे. पैसे आले, घर पक्के झाले, नवरा कंपनीत कंत्राटावर लागला. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. ‘‘लावणीला पंधरा बायका असायच्या. चिखलात उभं राहून कंबर मोडायची, पण गाणी म्हणायची, हासायचं, रडायचंबी तिथंच. आता साडेनवाला समदं उरकतं. मग भिंतीकडं बघत बसायचं. झोप दोनला उडती ती उडतीच.’’

पहिल्या दिवशी ही झोप ‘कवातरी’ उडत होती.

भाचीने तिला आशाताईंना भेटायला सांगितले आणि १४४१६ हा ‘टेलिमानस’चा नंबर दिला. २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा फुकट आहे, रात्री-बेरात्रीही चालते आणि मराठीतही बोलता येते. सूनबाईने भिंतीवरचे कॅलेंडर उलटे करून मागच्या बाजूला पेन्सिलीने तो नंबर लिहिला. मग पेन्सिल हातातच ठेवून विचारले, ‘‘फोनवर काय सांगायचं पण? मला काय झालंय म्हनू?’’

‘‘आत्ता आम्हाला सांगितलंत तेच,’’ भाची म्हणाली.

‘‘करमत न्हाई म्हनलं तर चालंल त्यांना?’’